अनुदान क्रमांक 65

बाई गरोदर असल्याचं कळलं की आपल्याकडे पहिल्या रक्ततपासणीच्या कागदावर हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर यांच्या रांगेत एक नाव हमखास येतं : व्हीडीआरएल. उपदंशाची, म्हणजे जुनी माणसं जिला गरमी म्हणत त्या रोगाची ती तपासणी. गावच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरपासून शहरातल्या लॅबपर्यंत सगळे ते नाव रोज लिहितात. मुळात ते तपासणीचं नाव नाही, एका प्रयोगशाळेचं आहे. व्हेनेरिअल डिसीज रिसर्च लॅबोरेटरी, न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंड बेटावरची, अमेरिकेच्या पब्लिक हेल्थ सर्व्हिसच्या मरीन हॉस्पिटलातली. ही तपासणी तिथे 1946 मध्ये तयार झाली, आणि जगभरातल्या किती बाळांना तिने जन्मजात रोगापासून वाचवलं याची मोजदाद करणं अवघड आहे.

त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेच्या एका बेताला अमेरिकन सरकारने 1,10,450 डॉलर मंजूर केले. त्या मंजुरीचा क्रमांक होता 65. सरकारी पैशातून वैद्यकीय संशोधनाला अनुदान देण्याची जी व्यवस्था पुढे जगातली सर्वांत मोठी ठरली, तिच्या अगदी पहिल्या काही महिन्यांतलं हे अनुदान. त्या व्यवस्थेचे नियम नंतर कसे बदलत गेले हे समजून घ्यायचं तर मला याच अनुदानापासून सुरुवात करावीशी वाटते. पुढच्या साठ-सत्तर वर्षांतले बरेच नियम, 1946 मध्ये कुणीच न विचारलेल्या एका प्रश्नाची उशिरा आलेली उत्तरं आहेत.

स्टेटन आयलंडचा आणि या व्यवस्थेचा संबंध त्याहूनही जुना. 1887 मध्ये जोसेफ किनयून नावाच्या तरुण डॉक्टरने मरीन हॉस्पिटलातल्या एका खोलीत जंतूंची प्रयोगशाळा थाटली. बंदरावर उतरणाऱ्या प्रवाशांत कॉलरा आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, एवढंच तिचं काम. पुढे ती वॉशिंग्टनला गेली आणि 1930 मध्ये तिचं नाव बदलून नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ झालं. नंतर त्या इन्स्टिट्यूटच्या अनेक इन्स्टिट्यूट झाल्या. आज सगळे तिला एनआयएच म्हणतात.

1937 मध्ये कॅन्सरसाठी वेगळी संस्था निघाली आणि बाहेरच्या संशोधकांना पैसे देण्याचा अधिकार तिला मिळाला. पण रक्कम किरकोळ होती, आणि विद्यापीठांना सरकारी पैसा नकोसाच वाटे. पैशामागून हुकूम येतो, अशी भीती होती. संशोधन चाले ते रॉकफेलर फाउंडेशनसारख्या खासगी निधींवर. (आपल्या पुण्यातलं व्हायरस रिसर्च सेंटरसुद्धा 1952 मध्ये रॉकफेलरच्याच मदतीने उभं राहिलं.)

ही भीती मोडली दुसऱ्या महायुद्धाने. व्हॅनिव्हार बुश यांच्या युद्धकालीन कचेरीने विद्यापीठांशी करार करून पेनिसिलिन, मलेरियावरची औषधं, रक्तद्रव्य यांवर कामं करून घेतली, आणि ती फळाला आली. युद्ध संपलं तेव्हा हे करार अर्धवट होते. त्यांचं काय करायचं? 1944 च्या पब्लिक हेल्थ सर्व्हिस कायद्याने अनुदानं देण्याचा व्यापक अधिकार सर्जन जनरलना आधीच दिला होता. एनआयएचचे संचालक रोला डायर यांनी वैद्यकीय करार आपल्याकडे घेण्याची तयारी दाखवली, आणि 1946 च्या जानेवारीत ते हस्तांतरित झाले. त्यांतले बरेचसे पेनिसिलिन आणि उपदंशाचे होते.

त्यासाठी जी छोटी कचेरी उघडली तिचे प्रमुख डॉ. कॅशस व्हॅन स्लाइक, आणि त्यांच्या जोडीला अर्नेस्ट ॲलन. या दोघांनी घडवलेली रचना आजही तशीच चालते. अर्ज आला की आधी त्या विषयातल्या बाहेरच्या तज्ज्ञांची समिती, म्हणजे स्टडी सेक्शन, त्याची शास्त्रीय गुणवत्ता तपासते. मग वेगळं सल्लागार मंडळ त्यावर शिक्कामोर्तब करतं. पैसा सरकारचा, निवड शास्त्रज्ञांची. व्हॅन स्लाइकनी त्याच वर्षी लेख लिहून जाहीर केलं की संशोधकाच्या सचोटीवर आणि स्वातंत्र्यावर पूर्ण विश्वास हा या योजनेचा पाया आहे. त्याने काय आणि कसं शोधावं हे सरकार सांगणार नाही. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाने आपल्या शास्त्रज्ञांवर इतका भरवसा टाकावा, ही मोठी गोष्ट होती. तो भरवसा नसता तर पुढची पन्नास वर्षं अमेरिकेतलं जीवशास्त्र ज्या वेगाने धावलं तसं धावलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

आणि त्याच भरवशाच्या पोटात अनुदान क्रमांक 65 होतं.

उपदंशाच्या स्टडी सेक्शनने 1946 च्या फेब्रुवारीत आणि सल्लागार मंडळाने मार्चमध्ये ते मंजूर केलं. रक्कम पॅन अमेरिकन सॅनिटरी ब्यूरोच्या नावे, काम मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात. शास्त्रीय प्रश्न दिसायला साधा होता : सैनिकाचा संसर्गाशी संबंध आल्यावर लगेच औषध लावलं किंवा पेनिसिलिन दिलं, तर गुप्तरोग टळतो का? प्रयोगशाळेचे प्रमुख जॉन महोनी म्हणजे पेनिसिलिनने उपदंश बरा होतो हे 1943 मध्ये दाखवणारे डॉक्टर. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडियानातल्या टेर हॉट तुरुंगात कैद्यांवर परम्याचा, म्हणजे गोनोरियाचा, असाच प्रयोग करून पाहिला होता. पण माणसांना खात्रीने संसर्गच घडवता येईना, म्हणून तो 1944 मध्ये बंद पडला. ग्वाटेमालात तुरुंगात वेश्यांना जाऊ देण्याला कायद्याची आडकाठी नव्हती. तिथला एक डॉक्टर स्टेटन आयलंडला शिकून गेलेला होता. तिथे हे जमेल, असा हिशेब.

तिथे काम पाहिलं जॉन कटलर या तरुण डॉक्टरने. 1946 ते 1948 या काळात कैदी, सैनिक, वेश्या आणि मनोरुग्णालयातले रोगी अशा सुमारे 1,300 माणसांचा उपदंश, परमा किंवा मृदुव्रण यांच्या जंतूंशी मुद्दाम संबंध आणला गेला. नैसर्गिक मार्गाने जमेना तेव्हा जंतू टोचले गेले, कातडी खरवडून लावले गेले. संमती कुणाची घेतली नाही. मनोरुग्णालयाला मोबदल्यात काही औषधं मिळाली, औषधं ठेवायला फ्रिज मिळाला, सिनेमाचा प्रोजेक्टर मिळाला, ताटल्या आणि पेले मिळाले. तिथल्या एका बाईला फेब्रुवारी 1948 मध्ये उपदंशाची सुई दिली आणि औषध तीन महिन्यांनंतर. ऑगस्टमध्ये ती आता वाचत नाही अशी नोंद झाली, आणि त्याच दिवशी तिच्या डोळ्यांत दुसऱ्या रोग्याचा परम्याचा पू घातला गेला. चार दिवसांनी ती गेली.

त्या काळची नीतिमत्ताच वेगळी होती, असं यावर कुणी म्हणतं. ते खरं नाही. एप्रिल 1947 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये सशांवरच्या प्रयोगाची एक बातमी आली. माणसाच्या शरीरात उपदंशाचे जिवंत जंतू सोडणं नीतीच्या दृष्टीने अशक्य आहे, असं तिच्यात ओघात म्हटलेलं होतं. ती बातमी या डॉक्टरांनी वाचली होती, आणि त्यांच्या पत्रव्यवहारात उमटला तो गुप्तता राखण्याचा घोर. त्याच ऑगस्टमध्ये न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल अमेरिकन न्यायाधीशच देत होते, आणि माणसावरच्या प्रयोगात त्याची स्वखुशीची संमती ही पहिली अट असल्याचं त्यात नोंदवत होते. ग्वाटेमालातलं काम पुढे वर्षभर चालूच राहिलं. संसर्गाच्या प्रयोगांचे निष्कर्ष कधी छापले गेले नाहीत. खोकी बंद झाली.

इकडे पैसा वाढत होता, आणि वाढ डोळे दिपवणारी होती. 1947 मध्ये अनुदानांवर जेमतेम 40 लाख डॉलर खर्च होत होते. 1957 मध्ये 10 कोटींहून अधिक. एनआयएचचा एकूण अर्थसंकल्प 1947 मधल्या 80 लाखांवरून 1966 मध्ये 100 कोटींच्या वर गेला. यामागे चार माणसांची विलक्षण युती होती : 1955 पासून संचालक असलेले जेम्स शॅनन, सिनेटमधले लिस्टर हिल, प्रतिनिधीगृहातले जॉन फोगार्टी, आणि मेरी लास्कर ही श्रीमंत, ध्येयवेडी बाई. अध्यक्षांनी मागितलं असेल त्याहून जास्त पैसे काँग्रेस एनआयएचला देई, आणि हे वर्षानुवर्षं चाललं.

हिशेब विचारणारा माणूसही निघाला. नॉर्थ कॅरोलिनाचे प्रतिनिधी एल. एच. फाउंटन हे संथ, चिकट स्वभावाचे. त्यांच्या उपसमितीने 1961 आणि 1962 मध्ये अहवाल देऊन विचारलं की दिलेला पैसा ठरल्या कामावर गेला का, हे कोण पाहतं? शॅनन यांचं उत्तर सरळ होतं. चांगला माणूस आणि चांगली कल्पना निवडणं हाच खरा ताबा. एकदा निवड झाली की परीक्षानळ्या मोजत बसण्यात अर्थ नाही. फाउंटनना ते पटलं नाही, आणि हिशेबाचे नियम आवळले गेले. उपकरण घ्यायचं तर आधी परवानगी, वेळेचे तपशील, खर्चाचे विवरण. संशोधक कुरकुरले. मला या वादात दोघांची बाजू खरी वाटते, आणि दोघांचीही नजर एकाच जागी अपुरी पडलेली दिसते. एक जण शास्त्रज्ञाकडे पाहत होता, दुसरा डॉलरकडे. ज्याच्या दंडात सुई जात होती त्याच्याकडे अजून कुणीच पाहत नव्हतं.

ते पाहायला लावलं ब्रुकलिनच्या एका रुग्णालयाने. 1963 च्या जुलैमध्ये ज्यूइश क्रॉनिक डिसीज हॉस्पिटलात 22 आजारी, बहुतेक वृद्ध रुग्णांना कॅन्सरच्या जिवंत पेशी टोचल्या गेल्या. त्या कॅन्सरच्या आहेत हे त्यांना सांगितलं नव्हतं. शब्द ऐकून उगाच घाबरतील, असं प्रयोग करणाऱ्यांचं म्हणणं. या कामाला पब्लिक हेल्थ सर्व्हिसचाही पैसा होता. तिथल्याच काही डॉक्टरांनी भाग घ्यायला नकार देऊन राजीनामे दिले, प्रकरण कोर्टात आणि वर्तमानपत्रांत गेलं. शॅनन हादरले. ज्या माणसाने विश्वासाची बाजू इतकी लावून धरली होती, त्यानेच हा विषय आपल्या सल्लागार मंडळापुढे नेला. याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

8 फेब्रुवारी 1966 रोजी सर्जन जनरल विल्यम स्ट्यूअर्ट यांनी फर्मान काढलं : ज्या संशोधनात माणसं आहेत त्याला, त्याच संस्थेतल्या सहकाऱ्यांच्या समितीने आधी तपासल्याशिवाय, अनुदान मिळणार नाही. रुग्णाचे हक्क काय, संमती कशी घेणार, धोका किती आणि फायदा किती, हे समितीने पाहायचं. आज पुण्या-मुंबईतल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात जी एथिक्स कमिटी बसते, तिच्या पूर्वजांत हे फर्मान आहे. ते आलं अनुदानाच्या अटीच्या रूपाने. नैतिक उपदेश शास्त्रज्ञांनी ऐकला असता की नाही कोण जाणे; पैसा अडणार म्हटल्यावर समित्या झाल्या.

तरीही 1972 उजाडावं लागलं. त्या जुलैमध्ये असोसिएटेड प्रेसच्या जीन हेलर यांनी बातमी दिली की अलाबामातल्या टस्कीगी इथे पब्लिक हेल्थ सर्व्हिसने 1932 पासून सुमारे 400 कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचार न करता नुसता पाहत ठेवला आहे. पेनिसिलिन आल्यानंतरही. साठच्या दशकात त्या कामात असलेल्या डॉक्टरांपैकी एक होते जॉन कटलर. 1974 मध्ये नॅशनल रिसर्च ॲक्ट झाला आणि समितीची अट कायद्यात आली. कटलर यांनी पुढेही टस्कीगीचं समर्थनच केलं.

यानंतरचे नियम भराभर आले, प्रत्येकामागे एखादी चूक किंवा भांडण. जनुकांच्या जोडकामाबद्दल 1976 ची मार्गदर्शक तत्त्वं. सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचं पेटंट विद्यापीठाला देणारा 1980 चा कायदा. खोट्या निष्कर्षांच्या चौकशीची 1989 नंतरची कार्यालयं. 1993 चा कायदा मात्र मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो काय केलं यासाठी नव्हता, कुणाला वगळलं यासाठी होता. रोज थोडं ॲस्पिरिन घेतल्याने हृदयविकार टळतो का, याचा गाजलेला अभ्यास 22,071 डॉक्टरांवर झाला आणि त्यांत एकही बाई नव्हती. त्यानंतर औषधोपचारांच्या संशोधनात स्त्रिया आणि अल्पसंख्याक असणं ही अनुदानाची अटच झाली.

एक धागा राहिला, वरखर्चाचा. संशोधकाला शंभर डॉलर दिले तर त्याच्या विद्यापीठाला इमारत, वीज, प्राण्यांची देखभाल, हिशेबनीस आणि त्या नव्या नव्या समित्या यांसाठी वेगळे किती द्यायचे? सुरुवातीला 8 टक्के, पुढे 15, मग 20. आणि 1966 मध्ये मर्यादाच उठून प्रत्येक संस्थेचा दर वाटाघाटीने ठरू लागला. काही ठिकाणी तो 60 टक्क्यांपर्यंत गेला. इथे एक घोटाळा नेहमी होतो : 60 टक्के म्हणजे शंभरातले साठ नव्हेत, शंभरावर साठ. एकूण 160 मधले 60, म्हणजे साधारण साडेसदतीस टक्के. 1991 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वरखर्चात चक्क एका नौकेचा घसारा सापडला, काँग्रेसमध्ये सुनावण्या झाल्या, विद्यापीठाच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं, आणि प्रशासकीय खर्चावर 26 टक्क्यांची मर्यादा आली.

1998 ते 2003 या पाच वर्षांत काँग्रेसने एनआयएचचा अर्थसंकल्प 1,360 कोटींवरून 2,700 कोटी डॉलरवर नेला, आणि मग हात आखडला. विद्यापीठांनी इमारती बांधल्या होत्या, माणसं घेतली होती. अर्ज वाढले, पैसा तेवढाच. 2013 मध्ये सरसकट कपात आली त्या वर्षी सहा अर्जांतला जेमतेम एक मंजूर होत होता. स्वतंत्र संशोधक म्हणून पहिलं मोठं अनुदान मिळेपर्यंत माणूस चाळिशी ओलांडू लागला.

7 फेब्रुवारी 2025 च्या शुक्रवारी संध्याकाळी एनआयएचची सूचना निघाली : सोमवारपासून सगळ्यांचा वरखर्च 15 टक्के. चालू अनुदानांनाही. बावीस राज्यं कोर्टात गेली आणि बॉस्टनच्या न्यायाधीश एंजल केली यांनी स्थगिती दिली. पाठोपाठ चालू अनुदानं रद्द होऊ लागली. हा विषय आता संस्थेच्या प्राधान्यात बसत नाही, अशा ठरावीक वाक्यांनिशी पत्रं गेली. जूनमध्ये न्यायाधीश विल्यम यंग यांनी ती रद्द करणं बेकायदा ठरवलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की पैशाचा दावा दुसऱ्या कोर्टात न्या. आणि त्याआधी, 1 मे रोजीच, परदेशी संस्थांना अमेरिकन विद्यापीठांमार्फत मिळणारी उप-अनुदानं नवी पद्धत तयार होईपर्यंत थांबवली.

ही शेवटची बातमी पुण्याच्या दाराशी येते. भोसरीची, पूर्वी राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाची, संस्था आणि ससूनशेजारचं बी. जे. मेडिकल कॉलेज एनआयएचच्या पैशातल्या अभ्यासांत वर्षानुवर्षं आहेत. नऊ देशांतल्या 1,763 जोडप्यांवर झालेल्या ज्या अभ्यासाने 2011 मध्ये दाखवलं की एचआयव्हीचे उपचार लवकर सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी टळते, त्यात पुण्याची जोडपी होती. त्यांची संमती घेणं, स्थानिक समितीने कागद तपासणं, अमेरिकेला तशी लेखी हमी देणं, हे सगळं स्ट्यूअर्ट यांच्या फर्मानापासून वाढत आलेलं. परदेशात गेलेल्या पैशाचा माग नीट लागत नाही, ही तक्रार अमेरिकेत जुनी आहे आणि रास्तही. पण माग लावण्यासाठी, चालू अभ्यासातली माणसं वाऱ्यावर राहतील असा थांबा घालणं मला मान्य होत नाही. आधीच्या नियमांमागे कुणाचं तरी दुखणं होतं, सुनावणी होती, महिनोन्‌महिन्यांचा वाद होता. या वेळी शुक्रवारची संध्याकाळ होती.

बंद खोक्यांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. कटलर उत्तरायुष्यात पिट्सबर्ग विद्यापीठात शिकवत. 1990 मध्ये त्यांनी आपले कागद तिथे दिले. इतिहासकार सुझन रेव्हर्बी टस्कीगीवर काम करत होत्या. त्या ते कागद चाळायला गेल्या आणि त्यांना टस्कीगीऐवजी ग्वाटेमाला सापडलं. 2010 मध्ये ते जगापुढे आलं. 1 ऑक्टोबरला अध्यक्ष ओबामांनी ग्वाटेमालाचे अध्यक्ष आल्व्हारो कोलोम यांना फोन करून माफी मागितली. मग नेमलेल्या आयोगाने 2011 मध्ये सगळं जुळवून मांडलं : कोणत्या बैठकीत, कोणत्या महिन्यात, किती डॉलर, कुणाच्या शिफारशीने. हे जुळवता आलं कारण व्हॅन स्लाइक यांच्या त्या छोट्या कचेरीने 65 या क्रमांकासकट सगळं लिहून ठेवलं होतं.

ग्वाटेमालातल्या पीडितांनी आणि त्यांच्या वारसांनी अमेरिकन सरकारवर भरपाईचा दावा लावला. परदेशात घडलेल्या इजेसाठी सरकारवर खटला चालवता येत नाही, या कारणाने वॉशिंग्टनच्या कोर्टाने तो 2012 मध्ये फेटाळला.